‘फॉर्मॅट’ला हो म्हणण्याआधी...

मैत्रिणींनो, दसऱ्याला आपण घरातल्या कॉम्प्युटरचीही पूजा करतो. हळद-कुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. का नाही करणार? मुलांचे प्रोजेक्ट, यजमानांच्या दुकानाचा हिशेब, लेकीच्या लग्नाचे फोटो, बचत गटाच्या नोंदी... सगळं त्या एका डब्यात! आणि मग एखाद्या दिवशी त्याचं ‘अपग्रेड’ होतं. तास-दोन तास पडद्यावर टक्केवारी चढत राहते, मशीन आपलं आपण दोन-तीनदा बंद-चालू होतं आणि शेवटी काळा पडदा. नाहीतर पांढरे ठिपके गोल गोल फिरत बसतात, थांबायचं नाव नाही. अशा वेळी पोटात जो गोळा येतो, तो ज्यांनी अनुभवलाय त्यांनाच कळेल.

हा प्रसंग बऱ्याच घरांवर का आला, त्याला कारण आहे. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात ‘विंडोज १०’ होतं. २०१५ साली आलेल्या त्या सिस्टीमचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडले नाहीत, पण सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला आपोआप यायच्या त्या नेहमीसारख्या येणं थांबलं. मग ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, ‘अकरा टाकून घ्या’. ‘विंडोज ११’ तसं २०२१ च्या ऑक्टोबरातच आलेलं. चालणाऱ्या मशीनवर ते फुकट मिळतं. पण मशीन सात-आठ वर्षांचं, प्रिंटर त्याहून जुना, डिस्क गच्च भरलेली आणि वर आपल्या गावची वीज! अपग्रेड अर्ध्यावर अडकलं की मशीन उठतच नाही.

या लेखात मला एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. कॉम्प्युटर ‘सुरू होत नाही’ आणि कॉम्प्युटरमधलं ‘सगळं गेलं’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून आतले दागिने नाहीसे होतात का? नाही ना? फॉर्मॅट करणं म्हणजे मात्र कुलूप नीट करण्यासाठी कपाटच रिकामं करणं. कधी कधी तेही करावं लागतं, नाही असं नाही. पण ते शेवटी, आणि आतला ऐवज बाहेर काढून झाल्यावरच!

गाडी कुठे अडली?

मी आर्ट्‌सची पदवीधर. कॉम्प्युटरशी ओळख झाली ती एमएस-सीआयटीच्या वर्गात, तीही मुलं शाळेत जायला लागल्यावर. त्यामुळे आतल्या यंत्राचं मला फार कळतं असा आव मी आणत नाही. पण आमच्या मंडळाच्या कामात हे वारंवार समोर आलं, तेव्हा एक साधी युक्ती शिकले. बटण दाबल्यापासून कॉम्प्युटर ठरलेल्या पायऱ्या चढतो. तो कोणत्या पायरीवर अडला हे बघितलं की निम्मं निदान होतं. डॉक्टरांना ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगून भागतं का? कुठे दुखतंय ते सांगावं लागतं, तसंच हे.

पहिली पायरी विजेची. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, काहीच नाही. मग दोष अपग्रेडचा नसण्याचीच शक्यता जास्त. प्लग, बोर्डवरचं बटण, यूपीएस, चार्जर तपासा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून चालू करण्याचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा चालू करून बघा.

दुसरी पायरी कंपनीच्या नावाची. पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं आणि पुढे काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ, ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाची. म्हणजे मशीनला सिस्टीम कुठे ठेवली आहे तेच समजत नाहीये. आधी मागे-पुढे एखादा पेन ड्राइव्ह राहिला आहे का ते बघा. मशीन त्यातच सिस्टीम शोधत बसलेलं असू शकतं. अपग्रेड बसावं म्हणून कुणी ‘बायोस’ नावाच्या आतल्या सेटिंगमध्ये काही बदललं असेल तर ते होतं तसं करायला सांगा. मशीन जुनं असेल आणि तारीख-वेळ सारखी चुकत असेल, तर आत नाण्याएवढा एक गोल सेल असतो, तो संपलेला असू शकतो. घड्याळातल्यासारखा तो बदलता येतो. आणि हे सगळं करूनही डिस्क दिसत नसेल, आतून टकटक आवाज येत असेल, तर मात्र मशीन पुन्हा पुन्हा चालू करू नका. तिथे डिस्कच आजारी आहे, जाणकाराकडेच न्या.

तिसरी पायरी फिरत्या ठिपक्यांची. चिन्ह येतं, ठिपके फिरतात, पण पुढे काही नाही. किंवा रडका चेहरा असलेला निळा पडदा येतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. २०२५ पासून ‘विंडोज ११’ मध्ये हा पडदा काळा येऊ लागला, त्यामुळे नुसता काळा रंग बघून घाबरू नका, त्यावर काय लिहिलंय ते मोबाइलमध्ये टिपून घ्या. अपग्रेडनंतरचे बरेचसे घोटाळे याच पायरीवरचे. प्रिंटर, स्कॅनर, पडदा, आवाज, प्रत्येकासाठी आत एक छोटं सॉफ्टवेअर असतं, त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. जुना ड्रायव्हर नव्या सिस्टीमशी जुळला नाही की अख्खं मशीन अडतं.

चौथी पायरी आपल्या नावाची. पासवर्ड टाकला आणि नंतर नुसता काळा पडदा, वर बाण तेवढा हलतोय. इथे घाबरायचं काहीच कारण नाही, गाडी जवळजवळ घरी पोचलेली असते. खिडकीचं चिन्ह असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ या चार कळा एकदम दाबा. पडद्याचा ड्रायव्हर झटकून पुन्हा सुरू होतो. बरेचदा तेवढ्यानेही काम होतं.

आणि एक पथ्य सगळ्यांनाच लागू. टक्केवारी ३० वर किंवा ७५ वर थांबली म्हणून लगेच प्लग ओढायचा नाही. जुन्या मशीनवर एकाच आकड्यावर तासभर जातो. डिस्कचा बारीक दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. पुरणाला चटका बसत असताना आपण मध्येच गॅस बंद करतो का? दोन-तीन तास थांबा, कुकर लावा, भाजी निवडा. ‘केलेले बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर तिलाही वेळ द्या. सिस्टीम स्वतःच जुन्या जागी परत जात असते.

आमच्या मंडळातला दीड तास

आमच्या मंडळाकडे परिसरातल्या १४ बचत गटांचे हिशेब एकाच कॉम्प्युटरवर आहेत. दीडशेच्या वर बायका. कुणी शेळीसाठी कर्ज घेतलंय, कुणी मसाल्याच्या गिरणीसाठी, कुणी मुलाच्या फीसाठी. कुणी किती वेळेवर फेडलं, व्याज किती झालं, सहा वर्षांचं सगळं त्यात. हातातल्या वह्या आणि पासबुकं होतीच, पण त्यावरून पुन्हा सगळं जुळवायचं म्हणजे महिना-दीड महिना सहज गेला असता. आणि बँकेत कर्जाचे प्रस्ताव द्यायला उरले होते आठ दिवस!

अपग्रेडच्या दुसऱ्याच दिवशी मशीन तिसऱ्या पायरीवर अडकलं. ठिपके, मग निळा पडदा, मग पुन्हा ठिपके. दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “काकू, विंडोज उडालंय. फॉर्मॅट मारावा लागेल.”

“आणि आतला डेटा?”

“सी मधला जाणार. बाकीचं बघू.”

हिशेब बघणाऱ्या आमच्या वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी हळूच विचारलं, “अहो ताई, माझ्या सगळ्या फाइली डेस्कटॉपवरच आहेत. डेस्कटॉप म्हणजे सी का डी?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न लाखमोलाचा आहे. आपल्याला वाटतं, समोर दिसतंय म्हणजे ते वेगळंच काहीतरी. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही साधारणपणे ‘सी’ ड्राइव्हमध्येच असतात. सी फॉर्मॅट केला की तेही पुसले जातात!

मी त्या मुलाला म्हटलं, “बाळा, आज राहू दे. उद्या सांगते.” रात्री पुण्यात डिप्लोमा करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, आधी मागच्या सगळ्या वायरी काढ. फक्त वीज, पडदा, कीबोर्ड आणि माऊस ठेव.” मग त्याने एकेक पायरी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी वहिनींनी ती केली. मशीन ‘सेफ मोड’मध्ये सुरू झालं. हा सेफ मोड म्हणजे आजारी माणसाला नुसती पेज देण्यासारखं. अगदी गरजेपुरत्याच गोष्टी चालू करतो, जुने-पाने ड्रायव्हर बाजूला ठेवतो. वहिनींनी पहिलं काम काय केलं असेल? हिशेबाचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं! मग कित्येक वर्षं न वापरलेल्या एका जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. मशीन बंद करून चालू केलं आणि समोर नेहमीचा डेस्कटॉप, त्यावर फाइली जिथल्या तिथे. एकूण दीड तास लागला. प्रस्तावही वेळेत गेले.

तो निळा पडदा मदतीचा

हे ‘सेफ मोड’ वगैरे सापडतं कुठे? मशीन लागोपाठ दोन-तीनदा नीट उठलं नाही की विंडोज आपण होऊनच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. नाहीच दाखवला तर चालू करून चिन्ह दिसताच बटण दहा सेकंद दाबून बंद करायचं. असं दोनदा केलं की साधारण तिसऱ्या वेळी तो येतो. हा उपाय टक्केवारी चालू असताना मात्र अजिबात करायचा नाही.

त्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडलं की उपायांची यादी समोर येते. क्रम असा ठेवा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’. सुरू होण्याच्या मार्गातली मोडतोड ते स्वतः शोधून दुरुस्त करायचा प्रयत्न करतं. जमलं नाही तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘रीस्टार्ट’ करायचं आणि येणाऱ्या यादीत ४ आकडा दाबायचा, की सेफ मोड. तेही नाही झालं तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’, म्हणजे शेवटचं आलेलं अपडेट काढून टाकणं. ‘सिस्टीम रिस्टोअर’ आधीपासून चालू असेल तर मशीन आधीच्या एखाद्या चांगल्या दिवसापाशी नेता येतं. यातल्या कशानेही आपले फोटो आणि फाइली पुसल्या जात नाहीत.

याशिवाय, दहावरून अकरावर गेल्यावर साधारण दहा दिवस जुन्या सिस्टीमवर परत जायची सोय असते. जुनी सिस्टीम तेवढे दिवस ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली असते. म्हणून नवीन अपग्रेड झाल्या झाल्या ‘जागा खातंय’ म्हणून ते फोल्डर पुसायची घाई करू नका. त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग सगळं एकदा वापरून बघा.

‘ट्रबलशूट’ निवडल्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’च्या जोडीला ‘रीसेट धिस पीसी’ असंही दिसेल. तिथे दोन दरवाजे आहेत. ‘कीप माय फाइल्स’ म्हणजे आपल्या फाइली राहतात, पण बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअरं जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सगळंच साफ. इथे वाचल्याशिवाय बोट लावायचं नाही!

अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही मशीन अपग्रेडनंतर निळ्या पडद्यावर एक किल्ली मागतात, ४८ आकड्यांची ‘रिकव्हरी की’. याला ‘बिटलॉकर’ म्हणतात. चोराच्या हाती लॅपटॉप लागला तरी आतलं वाचता येऊ नये म्हणून डिस्कला लावलेलं हे कुलूप. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप लागलेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. एरवी ते कधी अडवत नाही. पण अपग्रेडमध्ये किंवा बायोसमध्ये काही बदललं की त्याला संशय येतो आणि ते किल्ली मागतं.

ही किल्ली बहुधा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना दिलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून त्याच ई-मेलने खात्यात शिरलात तर सापडते. लॅपटॉप मुलाने किंवा दुकानदाराने सुरू करून दिला असेल तर त्यांचा ई-मेल टाकलेला नाही ना, हे आजच विचारा. कारण ही किल्ली कुठेच सापडली नाही तर ती डिस्क कुणालाच उघडता येत नाही, कंपनीलाही नाही. तिथे मात्र सुरू न होणं म्हणजे खरोखरच सगळं जाणं ठरू शकतं. म्हणून मशीन धडधाकट असतानाच ती किल्ली कागदावर उतरवा आणि रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर फाइलला लावून ठेवा.

हे फक्त आपल्यासारख्या साध्या बायकांच्याच वाट्याला येतं असं नाही हं. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर एका दिवसात आडवे केले. तेही विंडोजवाले, तेही सुरू न होणारे. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो बिघाड नव्या सिस्टीमचा नव्हता, पण उपाय आपल्या वहिनींनी केला त्याच जातीचा होता. सेफ मोडमध्ये जाऊन एक बिघडलेली फाइल पुसायची, मशीन सुरू. त्यासाठी डिस्क फॉर्मॅट करायची गरज नव्हती. आणि जिथे बिटलॉकर होतं, तिथे मोठमोठ्या कंपन्यांचे लोकही आपल्यासारखेच किल्ली शोधत बसले होते!

दुकानात जाताना

सगळं करूनही नाही जमलं तर दुकानात न्यावंच लागतं. दुरुस्ती करणारी मुलं काही वाईट नसतात. त्यांच्या टेबलावर दहा मशीन पडलेली असतात आणि फॉर्मॅट हा त्यांच्यासाठी सगळ्यात झटपट मार्ग असतो. आतले फोटो कुणाचे, हिशेब कुणाचे, हे त्यांना कसं कळणार? ते आपणच सांगायचं. न लाजता, न भांडता.

मशीन ठेवण्याआधी एवढं बोलून घ्या. कोणत्या पायरीवर अडतंय ते सांगा आणि काढलेला फोटो दाखवा. सेफ मोड आणि स्टार्टअप रिपेअर करून बघितलंत का, ते विचारा. फॉर्मॅट करायचाच असेल तर आधी डेटा आमच्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून द्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा, असं सांगा. विंडोज सुरू होत नसतानाही हे करता येतं. डिस्क काढून ती यूएसबीने दुसऱ्या मशीनला जोडतात, किंवा ‘उबंटू’सारखी दुसरी सिस्टीम पेन ड्राइव्हवरून चालवून फाइली उतरवतात. बिटलॉकर असेल तर किल्ली लागतेच. आणि डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागून घ्या, त्यात आपलं घर असतं.

आणखी एक. घाबरून जाऊन मोबाइलवर ‘हेल्पलाइन’चा नंबर शोधायचा आणि पहिला दिसेल त्याला फोन लावायचा, असं करू नका. अनोळखी माणसाने ‘हे ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो’ म्हटलं की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या सरकारी क्रमांकावर कळवा.

आधीच केलेली तयारी

ज्यांचं अपग्रेड अजून व्हायचंय त्यांनी एक दुपार यासाठी काढा. फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क मशीनपासून वेगळी ठेवा. श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मजकूर असतील तर ते फॉन्टही उतरवून घ्या, नाहीतर नव्या मशीनवर आपलंच मराठी आपल्याला वाचता येत नाही! बिटलॉकरची किल्ली लिहून ठेवा. मशीन अकराला चालणारं आहे का ते तपासा. कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा चिप लागते. नसेल तर आडमार्गाने बसवून घेण्याच्या भरीला पडू नका. प्रिंटर-स्कॅनरच्या वायरी काढा, लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस दम धरत नसेल, तर वीज जाण्याची वेळ बघून काम सुरू करा. आणि ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजची प्रत करून घेतलीत तर अडीअडचणीला दुरुस्तीचा पडदा त्यावरूनही उघडता येतो.

आपण बायका घरातला प्रत्येक कागद जपतो. विजेची बिलं, लसीकरणाची कार्डं, गॅसची पावती. कॉम्प्युटरच्या पोटातले कागदही आपलेच आहेत. तेव्हा पुढच्या वेळी कुणी सहज म्हणालं, ‘फॉर्मॅट मारावा लागेल’, तर मान हलवण्याआधी एवढंच म्हणा, ‘मारा हो, पण आधी माझं सामान बाहेर काढून द्या.’